गोधडी

गोधडी हे जुन्या सुती कपड्यांचे थर एकमेकांवर रचून आणि ते धावदोऱ्याच्या जवळजवळ घातलेल्या ओळींनी एकत्र शिवून तयार केलेले अंथरूण-पांघरूण आहे. महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटक या प्रदेशांत ती पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी शिवली जात आली आहे. गोधडीत कापूस भरलेला नसतो. वापरून मऊ झालेली लुगडी, साड्या, धोतरे, सदरे आणि चादरी हेच तिचे अस्तर, तोच तिचा भर आणि तोच तिचा दर्शनी भाग असतो. याच कारणाने ती रजई, दुलई आणि गादी यांच्यापासून वेगळी ठरते. पिंजलेला कापूस भरून या वस्तू तयार करण्याचे काम पिंजारी हा व्यावसायिक कारागीर करीत असे. गोधडी मात्र प्रामुख्याने घरातील स्त्रियांनी, घरच्याच कापडातून, घरच्याच वापरासाठी शिवली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गोधडी ही गरजेची वस्तू होती. त्यानंतर गिरणीच्या चादरी, सोलापुरी चादरी, ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्यांचे कपडे सर्वत्र स्वस्तात मिळू लागल्याने तिची निकड कमी झाली. सध्या ती एकीकडे ग्रामीण घरांतील नेहमीच्या वापरात टिकून आहे, तर दुसरीकडे छंद, हस्तकला आणि लघुउद्योग या रूपांत शहरांतही शिवली जाते.

## नाव आणि शब्दार्थ

गोधडी या शब्दाचा उच्चार काही भागांत, तसेच कोकणीत, ‘गोदडी’ असा होतो. पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांत, ‘वाकळ’ हा शब्द रूढ आहे. वाकळ या शब्दाचा संबंध संस्कृत ‘वल्कल’ (झाडाच्या सालीचे वस्त्र) या शब्दाशी जोडला जातो. चार घड्या किंवा चार पदर असलेल्या पांघरुणास ‘चौघडी’ आणि दोन पदरांच्या वस्त्रास ‘दुपटे’ म्हणतात. दुपटे हा शब्द आता मुख्यतः तान्ह्या बाळाला गुंडाळण्याच्या किंवा त्याच्याखाली अंथरण्याच्या लहान गोधडीसाठी वापरला जातो. थरांच्या संख्येवरून पडलेली ही नावे पाहता गोधडी जाणण्याची पहिली खूण तिची नक्षी नसून तिचे पदर ही होती, असे दिसते.

संस्कृतमध्ये ठिगळांच्या वस्त्रासाठी ‘कन्था’ हा शब्द आहे. भर्तृहरीच्या ‘वैराग्यशतका’त जीर्ण कंथेचा उल्लेख विरक्ताचे वस्त्र म्हणून येतो. बंगालमधील ‘कांथा’ हे नाव याच शब्दाशी संबंधित आहे.

## पार्श्वभूमी

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची प्रथा भारतीय उपखंडात प्राचीन आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवले जाई. मगध देशातील बांधांनी विभागलेल्या शेतांप्रमाणे चीवराची रचना करावी, असा प्रसंग विनयपिटकात आला आहे. नाथपंथी योग्यांच्या वेषातही कंथेला स्थान आहे. या परंपरांत ठिगळांचे वस्त्र हे स्वेच्छेने स्वीकारलेल्या अपरिग्रहाचे चिन्ह होते. सामान्य कुटुंबात ते काटकसरीचे साधन होते.

हातमागावर विणलेले कापड शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने महाग होते. वर्षाकाठी मोजकीच वस्त्रे घेतली जात आणि ती विरेपर्यंत वापरली जात. अंगावर घालण्याजोगे न राहिलेले लुगडे एकेरी पदरात कमकुवत असले, तरी त्याचे पाच-सहा थर एकत्र शिवल्यास ते पुन्हा काही वर्षे टिकते. गोधडीचे सर्व तंत्र या एका निरीक्षणावर उभे आहे. दख्खनच्या पठारावरील कोरड्या थंडीत असे जाड पांघरूण आवश्यक असते. उलट कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत जाड गोधडी लवकर वाळत नाही, त्यामुळे तेथे तुलनेने पातळ गोधड्या सोयीच्या ठरतात.

## साहित्य

गोधडीसाठी लागणारे साहित्य मोजके असते.

कापड – नऊवारी लुगडे हे गोधडीचे पारंपरिक मुख्य कापड होय. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. त्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येकी दोन मीटरांहून थोडे लांब चार तुकडे मिळतात. लुगड्याचा पन्हा साधारण सव्वा वार असल्याने हा तुकडा एका माणसाला झोपण्यास पुरेसा होतो. याचा अर्थ एका लुगड्यातून एका माणसाच्या गोधडीचे चार पदर निघतात; दुसरे लुगडे किंवा धोतर मिळाल्यास गोधडी पुरेशी जाड होते. दोन माणसांच्या गोधडीसाठी दोन पन्हे जोडून घ्यावे लागतात.

भर – वरच्या आणि खालच्या पदरांमध्ये घातलेल्या कपड्यांना ‘भर’ म्हणतात. फाटके सदरे, परकर, टॉवेल, मुलांचे आखूड झालेले कपडे असे विविध कापड यात वापरले जाते. दर्शनी भागास चांगले कापड आणि भरास सर्वांत जीर्ण कापड, असा सामान्य नियम आहे.

सुई आणि दोरा – नेहमीच्या शिवणसुईपेक्षा लांब व जाड सुई आणि पीळदार सुती दोरा वापरतात. अनेक थरांतून सुई ढकलताना बोटाला इजा होऊ नये म्हणून धातूचे अंगुस्तान घातले जाते. पुष्कळ स्त्रिया बोटाला चिंधी गुंडाळूनही काम भागवतात.

## शिवण्याची पद्धत

### कपड्यांची तयारी

जमवलेले कपडे प्रथम सोड्याच्या किंवा साबणाच्या गरम पाण्यात भिजवून धुतले जातात आणि उन्हात कडक वाळवले जातात. नंतर त्यांची शिवण उसवून बटणे, हूक, नाड्या, खिसे आणि जाड पट्ट्या काढून टाकतात. शिवण तशीच ठेवल्यास गोधडीत उंचवटे राहतात आणि झोपणाऱ्याच्या अंगाला रुततात. आटण्याचा संभव असलेले नवे कापड वापरायचे असेल तर ते आधीच धुऊन घेणे आवश्यक असते. अन्यथा पहिल्या धुण्यातच ते आखडते आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात.

### थर मांडणे

सारवलेले अंगण, ओसरी, गच्ची किंवा देवळाचा सभामंडप अशा सपाट, मोकळ्या जागेवर सर्वांत खालचा पदर पसरला जातो. त्याच्या कडा ताणून कोपऱ्यांवर दगड, वरवंटा किंवा भरलेले डबे ठेवतात. त्यावर भराचे तुकडे मांडले जातात. एका थरातील तुकड्यांचे सांधे दुसऱ्या थरातील सांध्यांवर येऊ नयेत, याची काळजी घ्यावी लागते. सांधे एकावर एक आल्यास तेथे खाच पडते आणि गोधडी त्याच ठिकाणी आधी फाटते. भर समपातळीत आला आहे की नाही, हे तळहात फिरवून तपासतात. सर्वांत वर दर्शनी पदर घालून हातभर लांबीच्या कच्च्या टाक्यांनी सर्व थर तात्पुरते बांधून घेतात. ही मांडणी एकटीने करणे अवघड असल्याने बहुधा दोन ते चार जणी एकत्र बसतात. गोधडीचा चांगलेपणा टाक्यांइतकाच या मांडणीवर अवलंबून असतो.

### टाके

गोधडीचा मूळ टाका म्हणजे धावदोरा. सुई वरून खाली आणि खालून वर जात एका रेषेत पुढे सरकते. टाक्यांची मांडणी मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात काठापासून सुरुवात करून एकात एक चौकोन घालीत मध्याकडे जातात. दुसऱ्या प्रकारात लांबीच्या दिशेने समांतर ओळी घातल्या जातात. काठाकडून आत येण्याच्या पद्धतीत कडा आधी बंदिस्त होतात आणि गोधडी सोयीने फिरवून चारही बाजूंनी एकाच वेळी अनेक जणींना शिवता येते.

ओळींमधील अंतर जितके कमी, तितकी गोधडी टिकाऊ आणि घट्ट. अंतर फार ठेवल्यास धुताना आतील भर सरकून त्याचे गोळे होतात. धावदोऱ्याचा आणखी एक उपयोग असा की, एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी त्याची झळ थोड्याच भागाला पोहोचते आणि तेवढाच भाग पुन्हा शिवता येतो.

### काठ

शेवटी चारही कडांना तिरप्या किंवा सरळ कापडी पट्टीचा गोट लावला जातो. वापरताना सर्वाधिक ओढ कडांवर येत असल्याने गोट हा केवळ शोभेचा भाग नसतो. पुष्कळदा लुगड्याचे मूळ काठच गोट म्हणून वापरले जातात, कारण काठाची वीण अंगाच्या विणीपेक्षा दाट असते.

## उबेचे कारण

गोधडीची ऊब प्रामुख्याने थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे निर्माण होते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने शरीराची उष्णता बाहेर जाण्यास वेळ लागतो. सुती धागा घाम शोषून घेतो, त्यामुळे अंगाखालील गोधडी चिकट किंवा ओलसर वाटत नाही. वारंवार धुतलेल्या सुती कापडातील खळ निघून गेलेली असते आणि त्याचे धागे मऊ झालेले असतात. म्हणून जुन्या कापडाची गोधडी नव्या कापडाच्या गोधडीपेक्षा अंगाला अधिक मऊ लागते. नवजात बाळासाठी जुन्या लुगड्याचे दुपटे पसंत करण्यामागे ज्येष्ठांच्या आशीर्वादाची भावना असते, तसे हे व्यावहारिक कारणही असते.

## रचना आणि नक्षी

अनेक गोधड्यांत वेगळी नक्षी नसते; टाक्यांच्या ओळी आणि कापडाचे मूळ रंग एवढीच त्यांची शोभा असते. दर्शनी पदर अखंड लुगड्याचा असल्यास लुगड्याचे काठ व पदर कोठे यावेत, याचा विचार केला जातो. अखंड कापड नसल्यास चौकोनी, त्रिकोणी किंवा पट्टीसारखे तुकडे जोडून दर्शनी भाग तयार करतात. मध्यभागी मोठा चौकोन आणि त्याभोवती वाढत जाणाऱ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, तसेच त्रिकोण जोडून केलेल्या आकृती या रचना सर्वत्र आढळतात. दुपट्यांवर पाने, फुले, पक्षी आणि बाळाचे नाव भरण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे.

## दैनंदिन जीवनातील स्थान

गोधडी अंथरण्यास आणि पांघरण्यास सारखीच वापरली जाते. जमिनीवर झोपण्याची पद्धत असलेल्या घरांत रात्री गोधड्या अंथरल्या जात आणि सकाळी घडी करून पेटीवर किंवा फळीवर त्यांची चळत रचली जाई, अथवा त्या वलणीवर टाकल्या जात. पाहुण्यांसाठी एखादी चांगली गोधडी राखून ठेवली जाई. बैलगाडीच्या प्रवासात ती बसायला, तर शेतावर राखणीला जाताना पांघरायला घेतली जाई. मेंढरांसह फिरणारे धनगर, हंगामी ऊसतोडणी कामगार आणि इतर स्थलांतर करणारी कुटुंबे यांच्या बिऱ्हाडात गोधड्यांची वळकटी हा आवश्यक भाग असतो.

### हंगाम

गोधड्या शिवण्याचे काम बहुधा उन्हाळ्यात, रब्बीची सुगी उरकल्यानंतर आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी केले जाते. या काळात शेतीची कामे कमी असतात, कपडे लवकर वाळतात आणि अंगणात गोधडी पसरून ठेवता येते. दुपारच्या वेळी शेजारणी एकत्र बसून आळीपाळीने एकमेकींच्या गोधड्या शिवीत. लेकीसुना आणि मुली हे काम पाहून शिकत; त्याचे स्वतंत्र शिक्षण दिले जात नसे.

### धुणे

नवरात्रातील घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची पद्धत महाराष्ट्रात व्यापक आहे. त्या दिवसांत नदी, ओढा किंवा विहिरीवर गोधड्या नेऊन धोपाटण्याने बडवून धुतल्या जातात. जाड गोधडी पाण्याने भिजली की एकटीला उचलणे कठीण होते, म्हणून पिळताना दोन्ही टोकांना दोघी उभ्या राहतात. पाण्याची टंचाई असलेल्या वर्षी हे धुणे विशेष कष्टाचे ठरते. एरवी गोधड्यांना अधूनमधून कडक ऊन दाखवले जाते. त्यामुळे दमटपणा आणि कुबट वास जातो. ढेकूण व कसर यांचाही बंदोबस्त काही प्रमाणात होतो. साठवताना घडीत कडुनिंबाचा पाला ठेवण्याचीही पद्धत आहे.

### कापडाचा जीवनक्रम

गोधडी फाटली म्हणजे ती टाकून दिली जात नाही. प्रथम ठिगळे लावली जातात. फाटण्याचे प्रमाण वाढल्यावर जुनी गोधडी तशीच मध्ये ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना नवा पदर घातला जातो. अशा रीतीने एकाच गोधडीच्या पोटात दोन-तीन पिढ्यांचे कपडे साठू शकतात. त्यानंतर तिचे चांगले भाग कापून लहान मुलांसाठी किंवा बैठकीसाठी तुकडे केले जातात, उरलेल्यांची पायपुसणी होतात आणि अखेरीस जमीन सारवण्याचे पोतेरे म्हणून ते संपतात. लुगडे ते पोतेरे या प्रवासात कापडाचा कोणताही टप्पा वाया जात नाही.

जुन्या कपड्यांना गोधडीखेरीज दुसरी एक वाटही होती. दारोदार फिरणारी बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी देत असे. कोणते कपडे भांड्यांसाठी द्यायचे आणि कोणते गोधडीसाठी ठेवायचे, हा निर्णय घरातील स्त्री घेत असे. जरीच्या किंवा चांगल्या स्थितीतील साड्या बोहारणीकडे आणि मऊ सुती कपडे गोधडीकडे, अशी विभागणी त्यातून होई.

### भावनिक स्थान

गोधडीतील कापडे ओळखीची असतात. हे आजीचे लुगडे, ही वडिलांची लुंगी, हा धाकट्याचा शाळेचा सदरा, असे तिच्यावरून सांगता येते. मृत व्यक्तीच्या कपड्यांबाबत मात्र एकच रीत नाही. काही घरांत ते दान करतात किंवा वापरणे टाळतात, तर काही घरांत आठवण म्हणून मुद्दाम गोधडीत घालतात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीच्या बाळाकरिता आजीने दुपटी शिवून ठेवणे हा अनेक कुटुंबांतील रिवाज आहे. मुलगी परदेशी असल्यास बाळंतपणासाठी जाणारी आई सोबत दुपटी घेऊन जाते.

## श्रम आणि मोबदला

गोधडीतील श्रमांचे प्रमाण तिच्या साध्या रूपावरून लक्षात येत नाही. दोन मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद गोधडीवर दोन सेंटिमीटर अंतराने ओळी घातल्यास टाक्यांच्या ओळींची एकूण लांबी १२० मीटर भरते. प्रत्येक टाका आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून दीड सेंटिमीटर धरल्यास टाक्यांची संख्या सुमारे ८,००० होते. मिनिटाला दहा टाके या गतीने केवळ टाके घालण्यासच तेरा तासांहून अधिक काळ लागतो. कपडे उसवणे, धुणे, भर मांडणे आणि गोट लावणे यांचा वेळ याखेरीज असतो. घरकाम सांभाळून रोज दीड-दोन तास बसणाऱ्या स्त्रीला एक गोधडी पुरी करण्यास म्हणूनच आठवडा ते पंधरवडा लागतो.

घरच्या वापरासाठी शिवताना या वेळेची किंमत कधी धरली गेली नाही. गोधडी ‘फुकट’ होते, ही समजूत कापडापुरती खरी आहे. श्रमाच्या बाबतीत नाही. मोबदला घेऊन इतरांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून आहेत. त्यांत वृद्ध, विधवा आणि भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असते, कारण या कामाला भांडवल लागत नाही आणि ते घरी बसून करता येते. मजुरी सामान्यतः तासांवर न ठरता नगावर ठरते. त्यामुळे दाट टाके घालणाऱ्या कुशल कारागिणीला आणि विरळ टाके घालणारीला जवळपास सारखाच मोबदला मिळतो. अलीकडे महिला बचत गटांमार्फत गोधड्या, दुपटी, पिशव्या आणि बैठका तयार करून विकल्या जातात. मुंबईतील महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत अशा वस्तूंना ग्राहक मिळतो.

## बदलती परिस्थिती

गोधडीपुढील सर्वांत मोठा बदल कापडाचा आहे. नायलॉन, टेरिलीन आणि पॉलिएस्टरच्या साड्या टिकाऊ, स्वस्त आणि लवकर वाळणाऱ्या असल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा प्रसार झाला. अशा साड्यांची गोधडी करता येते. परंतु त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही आणि ठिणगी पडल्यास कृत्रिम धागा वितळून अंगाला चिकटण्याचा धोका असतो. नऊवारी लुगडे रोज नेसणाऱ्या स्त्रियांची पिढी विरळ होत असल्याने मऊ सुती कापडाचा मुख्य स्रोतही आटत आहे. गोधडी शिवणारे हात कमी झाले, हे नेहमी सांगितले जाते. पण गोधडीला साजेसे जुने कापड घरातच तयार न होणे, हेही तिच्या ऱ्हासाचे तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

दुसरा बदल यंत्राचा आहे. शहरांत आणि तालुक्याच्या गावांत यंत्रावर गोधडी शिवून देणारी दुकाने आहेत. काही ठिकाणी वाहनावर यंत्र बसवून गावोगाव फिरून ही सेवा दिली जाते. ग्राहकाने दिलेल्या साड्यांची गोधडी यंत्रावर अल्पावधीत तयार होते. यंत्राची शिवण एकसारखी आणि घट्ट असते. हाताच्या टाक्यांमुळे येणारा लवचीकपणा आणि मऊपणा तिच्यात कमी असतो. मात्र वेळ व खर्च यांचा विचार करता अनेक कुटुंबांना हाच पर्याय परवडतो आणि त्यामुळे जुन्या साड्या वापरात राहतात.

## छंद म्हणून गोधडीकाम

एकविसाव्या शतकात गोधडी शिवणे हा फावल्या वेळेचा छंद म्हणूनही रुजला आहे. निवृत्त स्त्रिया, शिवणकामाची आवड असलेल्या तरुणी आणि काही प्रमाणात पुरुषही तो जोपासतात. या छंदात दोन प्रवाह दिसतात. पहिला पारंपरिक गोधडीचा, म्हणजे घरातील जुन्या कपड्यांचे थर आणि हाताचा धावदोरा यांचा. दुसरा पाश्चात्त्य पद्धतीच्या क्विल्टिंगचा. यात नवे सुती कापड मापात कापून तुकडे जोडले जातात, मध्ये कापूस किंवा पॉलिएस्टरची तयार भरण घातली जाते आणि टाके हाताने वा यंत्राने घातले जातात.

दोन्ही प्रवाहांमागील विचार वेगवेगळे आहेत. पारंपरिक गोधडीत कापड आधी असते आणि रचना त्यातून निघते. कोणता रंग किती मिळणार, हे घरातील कपड्यांवर ठरते. क्विल्टिंगमध्ये रचना आधी ठरते आणि तिला लागणारे कापड विकत आणले जाते. नवे कापड कापून त्याचे तुकडे पुन्हा जोडणे हे काटकसरीच्या मूळ हेतूशी विसंगत असल्याची टीका केली जाते. याउलट, सौंदर्यनिर्मिती हा स्वतंत्र हेतू असून गरज संपल्यानंतरही तंत्र जिवंत ठेवण्याचे काम छंदानेच होते, असाही युक्तिवाद आहे.

मुलांचे लहान झालेले कपडे, शाळेचे गणवेश, किंवा दिवंगत आप्तांच्या साड्या व सदरे यांपासून ‘आठवणींची गोधडी’ करण्याचा प्रकार या दोन प्रवाहांना जोडतो. त्यात जुनेच कापड वापरले जाते. परंतु हेतू काटकसरीचा नसून स्मरणाचा असतो.

नवशिक्याने दुपट्यापासून सुरुवात करावी, असा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. सुमारे एक मीटर लांबी-रुंदीचे, तीन ते चार पदरांचे दुपटे हाताळण्यास सोपे असते आणि त्यावर टाक्यांचे अंतर समान ठेवण्याचा सराव होतो. एकाच गोधडीत सुती आणि रेशमी किंवा कृत्रिम कापड एकत्र न करणे, रंग जाणारे कापड आधी वेगळे धुऊन पाहणे आणि टाके फार न ओढणे या प्राथमिक दक्षता आहेत. टाके ओढले गेल्यास कापड आकसून गोधडीचे कोपरे वर वळतात.

## तत्सम परंपरा

गोधडीसारखे थरांचे शिवणकाम भारताच्या अनेक प्रदेशांत आढळते. उत्तर कर्नाटकात त्यास ‘कौदी’ म्हणतात. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांच्या ‘कवंद’ नावाच्या गोधड्या भडक रंगसंगतीसाठी प्रसिद्ध आहेत; त्यांच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुला’ लावली जातात. पश्चिम बंगाल व बांगलादेशातील नक्षी कांथामध्ये धावदोऱ्यानेच माणसे, प्राणी, कमळे आणि कथाप्रसंग भरले जातात. कवी जसीमउद्दीन यांचे ‘नक्षी कांथार माठ’ (१९२९) हे काव्य या परंपरेवर आधारित आहे. बिहारमधील ‘सुजनी’ तसेच सिंध, राजस्थान व कच्छमधील ‘रल्ली’ हीही याच कुळातील वस्त्रे होत.

जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसल्याने सुती चिंध्यांना मोल होते. तेथील ठिगळांच्या कपड्यांना ‘बोरो’ म्हणतात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि आधुनिक कलाकृती म्हणून त्यांची वाखाणणी झाली. एड्समुळे मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या आप्तेष्टांनी शिवलेल्या तुकड्यांची स्मृतिगोधडी ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे प्रथम पसरण्यात आली; तिच्यात त्या वेळी १,९२० तुकडे होते.

## साहित्य आणि लोकसंस्कृती

मराठी ग्रामीण व दलित साहित्यात गोधडी आणि वाकळ यांचे उल्लेख दारिद्र्य, मायेची ऊब आणि आई किंवा आजीची आठवण अशा भिन्न अर्थांनी येतात. ज्या कुटुंबांना पुरेसे कपडेच नव्हते, त्यांच्या आठवणींत वाकळ अपुरेपणाची खूण असते. सुस्थितीतील कुटुंबांच्या आठवणींत तीच वस्तू जिव्हाळ्याचे प्रतीक बनते.

संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्या जोडून केलेले वस्त्र वापरीत, म्हणून त्यांना ‘गोधडे बुवा’ किंवा ‘गोधडे महाराज’ असेही म्हटले जाई. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत येथील ग्रामदैवत संत गोदड महाराज या नावाने ओळखले जाते. ऐपतीप्रमाणे खर्च करण्याचा सल्ला देणारी ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याच्या काळातील आहे.

## हे सुद्धा पाहा

- लुगडे
- सोलापुरी चादर
- घोंगडी
- कांथा
- सिद्दी समाज
- गाडगे महाराज